लाल-हिरव्याचा हट्ट सोडा आता!

एक संघ लाल, दुसरा हिरवा, खाली हिरवंगार गवत. किती वर्षं हेच? २०१५ मध्ये एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) सामन्यात बफेलो बिल्स नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरवे उतरले. टीव्हीसमोरच्या रंगांध प्रेक्षकांना कोणी कोणाला पाडलं तेच कळेना. एवढा गदारोळ होऊनही २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात रशिया लाल, सौदी अरेबिया हिरवा! उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एक रंगांध असतो, इतरत्र प्रमाण कमी. म्हणजे हे मैदानावरच्या २२ जणांतही असतात, नुसते सोफ्यावर नसतात.

आणि रंगांध म्हणजे सगळं काळंपांढरं दिसतं, हे आधी डोक्यातून काढा. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातल्या लाल किंवा हिरव्या प्रकाशाच्या पेशी नसल्या किंवा बिघडलेल्या असल्या की लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांची सरमिसळ होते. लाल पेशींचाच दोष असेल तर लाल रंग काळपट दिसतो. त्यामुळे लाल विरुद्ध काळा ही जोडीही तितकीच वाईट, पण हे कोणाच्या गावीही नसतं.

सर्वांत जास्त चीड येते ती सरावातल्या बिबांची, म्हणजे गट ओळखण्यासाठी जर्सीवर चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्यांची. एका गटाला नारिंगी, दुसऱ्याला पोपटी. अनेकांना दोन्ही पिवळटच दिसतात. पास द्यायचा असतो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेल्या माणसाला. तो आपला की त्यांचा हे ठरवेपर्यंत चेंडू गेलेला असतो, आणि वर कोच ओरडतो, ‘लक्ष कुठंय?’ लक्ष चेंडूवरच आहे हो, बिब चुकलेत! एका गटाला पांढरे आणि दुसऱ्याला गडद निळे द्या, संपला विषय. गवतावर खुणेसाठी ठेवलेले लाल कोनही (प्लॅस्टिकचे शंकू) काढा, पांढरे ठेवा, आणि ‘लाल कोनाकडे पळ’ऐवजी ‘डावीकडच्या दुसऱ्या’ म्हणा.

क्रिकेटचा लाल चेंडू हिरव्या आउटफिल्डवर हरवतो, मागे झाडं असली की उंच कॅच तर विचारूच नका. दिवस-रात्र कसोटीतला गुलाबी चेंडू काहींना राखाडी दिसतो आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशात पार विरून जातो. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक मॅथ्यू वेड हे उघडपणे बोलला होता. स्नूकरला मात्र अक्कल आहे. रंगांध खेळाडूनं विचारलं तर पंच चेंडूचा रंग सांगू शकतो.

टीव्हीवाल्यांना तर काहीच खर्च नाही. धावांच्या आलेखात एक रेघ लाल, दुसरी हिरवी कशाला? एक तुटक काढा, शेवटी संघाचं नाव लिहा. बाद-नाबाद नुसत्या रंगानं दाखवू नका, अक्षरं टाका.

जर्सी ठरवताना दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा आणि फोनमध्ये तो काळापांढरा करा. दोन्ही सारख्याच राखाडी दिसल्या तर एक बदला. फोटोत फरक दिसला तरी लाल-काळा टाळाच, कारण लाल किती काळपट दिसतो ते फोन दाखवत नाही. एक मिनिटाचं काम आहे हे!

आणि ‘तो रंगांधांसाठीचा खास चष्मा घ्या ना’ हे पालुपद बंद करा. तो चष्मा प्रकाश गाळतो, काही छटांतला फरक उठून दाखवतो. नसलेल्या शंकुपेशी तो उगवून देत नाही.