रेफ्रीला सांगितलं की कोणीही पास पकडू शकतो? हायस्कूलमध्ये तरी नाही हो

अमेरिकन फुटबॉलचा सीझन सुरू झाला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक टाईपचा फॉरवर्ड फिरायला लागतो. क्लिपमध्ये कोणीतरी आडदांड लाईनमन (पुढच्या रांगेतला, एरवी नुसतं अडवायचं काम करणारा) बॉल पकडून एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पॉइंटच्या पट्टीत, घुसतोय आणि खाली ज्ञान: हायस्कूलमध्ये कोणीही पास पकडू शकतो, फक्त रेफ्रीला आधी सांगायचं. ८० च्या घरातला नंबर असेल तर तो कायमच एलिजिबल, म्हणजे पास पकडायला मोकळा. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेने अकराच्या अकरा रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, केले होते आणि ते अजून चालतं. आणि ट्रिक प्ले म्हणजे गंडवणंच, त्यामुळे सगळं माफ.

रेफ्रीला सांगायचं हे एनएफएलवरून, म्हणजे प्रोफेशनल लीगवरून, उचललेलं आहे. तिथे ५० ते ७९ नंबरवाला खेळाडू रेफ्रीकडे जाऊन रिपोर्ट करतो आणि त्या प्लेपुरता एलिजिबल होतो. ३० डिसेंबर २०२३ ला डेट्रॉइट लायन्स आणि डॅलस काउबॉईजच्या मॅचमध्ये यावरूनच राडा झाला, टचडाउननंतरच्या दोन जादा पॉइंटांचा पास ६८ नंबरच्या टेलर डेकरने पकडला, पण रेफ्रीने रिपोर्ट झालेला म्हणून ७० नंबरच्या डॅन स्किपरचं नाव घेतलं होतं, कॅच रद्द झाला आणि डेट्रॉइट २०-१९ ने हरलं. ती मॅच गाजली आणि लोकांना वाटलं सगळीकडे असंच असतं. हायस्कूलच्या नियमात, म्हणजे एनएफएचएस या शालेय खेळांच्या संघटनेच्या, रिपोर्ट करून एलिजिबल होणं हा प्रकारच नाही. ५० ते ७९ नंबर घातलाय ना, मग फॉरवर्ड, म्हणजे पुढे फेकलेला, पास पकडायचा नाही, रेफ्रीच्या पाया पडलात तरी नाही. टेक्सास कॉलेजवाल्यांचे, म्हणजे एनसीएएचे नियम वापरतं, पण तिथेही ही पळवाट नाहीये. मॅचआधी कोच लोक रेफ्रींना आज असा असा विचित्र प्ले करणार आहोत हे सांगून ठेवतात ते खरं, पण ते एवढ्यासाठी की रेफ्रीने गोंधळून मध्येच शिटी मारू नये. त्याने कोणी एलिजिबल होत नाही.

मग क्लिपमधल्या त्या पोराने पकडला कसा? बहुतेक वेळा तो फॉरवर्ड पासच नसतो. एलिजिबल असणं-नसणं फक्त फॉरवर्ड पासला लागू आहे. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्याने, मागे किंवा अगदी सरळ आडवा टाकला तर तो बॅकवर्ड पास, आणि तो टॅकल, गार्ड, सेंटर अशा लाईनमनपैकीही कोणीही पकडावा. फक्त सुटला तर बॉल जिवंत असतो, समोरचा त्यावर झडप घालू शकतो, म्हणून कोच सहसा ही रिस्क घेत नाहीत. दुसरं म्हणजे फॉरवर्ड पासला समोरच्या टीमच्या कोणाचा हात आधी लागला की मग सगळेच एलिजिबल. तेव्हा क्लिप बघताना बॉल हातातून सुटला तेव्हा कुठल्या दिशेला निघाला ते बघा, अर्धे वाद तिथेच मिटतील.

आता ८० नंबरवालं. खरी गंमत इथेच आहे. नंबर ही अर्धीच अट, दुसरी अर्धी म्हणजे स्नॅपच्या वेळी, सेंटर बॉल मागे देऊन प्ले सुरू करतो तेव्हा, तुम्ही कुठे उभे आहात. १ ते ४९ किंवा ८० ते ९९ नंबर हवा *आणि* तुम्ही लाईनच्या, म्हणजे बॉलपाशी आडव्या उभ्या रांगेच्या, टोकाला हवे, नाहीतर लाईनच्या मागे बॅक म्हणून हवे. समजा लाईनवर डावीकडून ८४, ७२, ६४, ५५, ६६, ७५, ८५ असे उभे आहेत, ८५ टोकाला, म्हणजे एलिजिबल. आता ११ नंबरचा वाइड रिसीव्हर त्याच्या बाहेर लांब उभा आहे आणि तो चुकून पाऊलभर पुढे सरकून लाईनवर आला, की टोक त्याचं झालं आणि ८५ झाकला गेला. नंबर तोच, जर्सी तीच, पण पास पकडला तर इल्लीगल टचिंग, ५ यार्ड मागे आणि डाऊनही, म्हणजे चारातला एक प्रयत्नही, गेला. म्हणून रिसीव्हर स्नॅपआधी साइडलाइनच्या लाईन जजकडे बघतो, आणि रिसीव्हर लाईनच्या मागे असेल तर जज हात मागे करून खूण करतो.

चांगले ट्रिक प्ले याच अटीशी खेळतात. सगळे लाईनमन सेंटरच्या डावीकडे उभे करायचे, उजवीकडे कोणी नाही, आणि सेंटरला ८८ नंबर द्यायचा. लाईनवर ५० ते ७९ चे पाच जण हवेत, ते आहेतच. सेंटर टोकाला आला, नंबर बरोबर, म्हणजे एलिजिबल! स्नॅप देऊन तो आरामात पुढे पळतो, कारण सेंटरला कव्हर करायचं डिफेन्सच्या पोरांच्या डोक्यातच येत नाही. एकदम कायदेशीर.

कॅलिफोर्नियातली शाळा म्हणजे पिडमॉन्ट हायस्कूल, २००७ सालची ए-११ फॉर्मेशन. क्वार्टरबॅकला ७ यार्ड मागे उभं करून ते कागदावर पंटची, म्हणजे बॉल लाथेने लांब मारायची, फॉर्मेशन दाखवायचे, आणि तेव्हाच्या नियमात किक फॉर्मेशनला नंबरांची सूट होती, त्यामुळे अकराही जण एलिजिबल नंबर घालायचे. पण तेव्हाही पास फक्त सहाच जण पकडू शकायचे, दोन टोकाचे आणि चार मागचे, बाकी पाच नुसते दिखाव्याला. डिफेन्सला ते सहा कोण हे कळेपर्यंत स्नॅप झालेला असायचा, एवढीच चलाखी. फेब्रुवारी २००९ मध्ये एनएफएचएसने ते भोक बुजवलं: पहिल्या तीन डाऊनला नंबरची सूट फक्त सेंटरला, आणि त्या सुटीवर आलेला सेंटर पास पकडू शकत नाही. "अजून चालतं" म्हणणारे नियम बदलून किती वर्षं झाली ते मोजत नाहीत.

राहिलं गंडवणं. फॉर्मेशनने, पळण्याने, खोट्या हँडऑफने हवं तेवढं गंडवा. पण "अरे थांबा, बॉल चुकीचा आहे", "कोच, टी (किकसाठी बॉल ठेवायचा स्टँड) कुठेय?" असं ओरडून प्ले सुरूच होत नाहीये असं भासवलं की अनस्पोर्ट्समनलाइक, १५ यार्ड. बदली खेळाडू बाहेर चाललाय असं दाखवून साइडलाइनला लपवला तरी १५ यार्ड. २०१० ची टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टीची मिडल स्कूलची क्लिप आठवते? सेंटर खांद्यावरून बॉल मागे देतो, क्वार्टरबॅक दोन्ही टीमच्या मधून चालत जातो आणि मग सुसाट पळत सुटतो. तो टचडाउन धरला गेला, पण ते टेक्सास. एनएफएचएसच्या नियमांनी खेळणाऱ्या न्यू जर्सीत कोचने बाहेरून पेनल्टीची खोटी हाक देऊन तेच केलं तर पिवळा फ्लॅग पडायचीच तयारी ठेवावी.