घड्याळ पंधरा मिनिटं पुढेच

परक्या देशात काम करून परतणाऱ्या स्वयंसेवकाला निघायच्या आठवड्यात रडू येतं, असं एका लेखात वाचलं; लेखिका तसं म्हणतात. मला नाही आलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात गोरखा जिल्ह्यात पडलेल्या शाळेचे दगड पाच महिने वेचले. खरं सांगायचं तर गवंडीकाम गावकऱ्यांनाच जास्त येत होतं, मी आपला उचलाउचलीपुरता. जिच्याकडे राहायचो ती आजी म्हणाली, दशैंला, म्हणजे दसऱ्याला, कपाळी टिका लावून जा. नाही थांबलो. ते मात्र अजून सलतं.

रडू आलं ते इंदूरला, राजवाड्याजवळ पोहे खाताना. शेजारच्या काकांनी वेळ विचारली, मी पंधरा मिनिटं पुढची सांगितली. नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढीच. आई म्हणाली, अरे, आता तरी काटे फिरव. दिवाळीपर्यंत नाही फिरवले.