तक्रार गाळलेल्या प्रसंगांची नाही, घुसवलेल्या प्रसंगांची आहे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटत्रयीविषयी, आणि विशेषतः ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या तिच्या शेवटच्या भागाविषयी, एक मजकूर गेली कित्येक वर्षे थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : साहित्यकृतीचे पडद्यावर याहून सरस रूपांतर झालेले नाही; कथेत केलेले बदल वेळेच्या मर्यादेमुळे अपरिहार्य होते; पुस्तकातल्या अतिसज्जन, सपाट पात्रांना या बदलांनी माणूसपण दिले; तपशील इकडचे तिकडे झाले तरी कथेचा आत्मा शाबूत राहिला; अकरा ऑस्करांनी वाद निकालात काढला; आणि एवढे असूनही ज्यांची निराशा झाली त्यांनी खुशाल पुस्तक वाचत बसावे, ते कुठे पळून गेलेले नाही.

निराश झालेल्यांपैकी मी एक आहे. या मजकुरातला प्रत्येक मुद्दा मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्यांना एकदा क्रमाने उत्तर द्यावे असे वाटते. आधी एक कबुली देऊन टाकते. हॉवर्ड शोर यांचे संगीत, न्यूझीलंडचे डोंगर, मिनास टिरिथची ती सात पातळ्यांची पांढरी नगरी, अँडी सर्किस यांचा गॉलम आणि पेलेनॉरच्या मैदानावर उधळलेले रोहानचे घोडदळ यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या घोडदळाच्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला होता. माझी तक्रार पटकथेबद्दल आहे. कथा ठाऊक नसलेल्यांसाठी एवढेच सांगते : शत्रूची मुद्रिका त्याच्याच मॉर्डोर देशातल्या अग्निपर्वतात टाकून नष्ट करायला फ्रोडो हा हॉबिट (हॉबिट म्हणजे बुटक्या माणसांची एक जमात) आपला सोबती सॅम याच्यासह निघाला आहे, आणि ती मुद्रिका पूर्वी बाळगून तिच्यापायी झुरणारा गॉलम त्यांचा वाटाड्या होतो.

पहिला मुद्दा वेळेचा. टॉल्किन यांची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि तिची पाने हजाराच्या घरात जातात, त्यामुळे पडद्यावर येताना तिला कात्री लागणारच, हे कोणीही शहाणा वाचक मान्य करील. टॉम बॉम्बाडिल हे पात्र समूळ गाळले, याचे मला जराही वाईट वाटले नाही. जखमी फ्रोडोला वाचवायला पुस्तकातल्या ग्लोरफिंडेलऐवजी आर्वेन घोड्यावर बसून आली, तेही चालून गेले. पण वेळ नव्हता असे म्हणणाऱ्याने पदरचे प्रसंग रचून तो वेळ खर्च करू नये, इतकी अपेक्षा तर रास्त आहे. दुसऱ्या भागात गोंडोर राज्याच्या गादीचा वारस ॲरागॉर्न कड्यावरून नदीत कोसळतो, सगळे त्याला मेला समजतात आणि तो परत येतो. हे पुस्तकात नाही. गोंडोरचा सरदार फॅरामिर फ्रोडोला बंदिवान करून ऑस्गिलियाथ या पडक्या शहरात नेतो, तेही नाही. शिळोप्याच्या गप्पांत आपण पाहुण्याला ‘वेळच नाही हो’ म्हणावे आणि पुढचा तासभर त्याच्याशीच बोलत बसावे, तसला हा प्रकार आहे.

या बाबतीत खुद्द टॉल्किन यांचे मत उपलब्ध आहे. या कादंबरीवर एक चित्रपट काढण्याचा बेत पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत शिजत होता आणि १९५८ साली त्याच्या आराखड्यावर त्यांनी एका पत्रात सविस्तर टीका केली. कोणत्याही माध्यमात कथा सांगण्याचे नियम एकमेकांपासून अगदीच वेगळे असू शकत नाहीत आणि वाईट चित्रपट बहुधा फसतात ते अतिशयोक्तीमुळे व मूळ कथेचा गाभा कुठे आहे हे न ओळखता बाहेरचा मजकूर घुसडल्यामुळे, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच पत्रात ते असेही सुचवतात, की एंटांची (चालत्याबोलत्या वृक्षमानवांची) कथा आणि हॉर्नबर्ग या किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा देता येत नसेल, तर लढाई गाळावी, कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे. चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचा कळसाध्याय कोणता, तर हीच लढाई. म्हणजे लेखकाचा कात्रीला विरोध नव्हता. कात्री कुठे लावायची, हा प्रश्न होता.

दुसरा मुद्दा पात्रांना माणूसपण दिल्याचा. इथे नेहमी फॅरामिरचे उदाहरण दिले जाते. पुस्तकातला फॅरामिर मुद्रिकेला बळी पडत नाही, मग मुद्रिकेचा धाक तो काय राहिला, असा प्रश्न पटकथाकारांनीच उपस्थित केला होता आणि म्हणून त्यांनी त्याला आधी मोहात पाडून मग सावरले. ज्यांनी तो प्रसंग वाचला नाही त्यांना हे पटते. ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल, की धबधब्यामागच्या त्या गुहेत सॅमच्या तोंडून मुद्रिकेचे गुपित चुकून फुटते, तेव्हा फॅरामिर उठून उभा राहतो, उंच, कठोर, डोळ्यांत चमक. आणि दोघे हॉबिट आपल्या बैठकींवरून उडी मारून भिंतीला पाठ लावतात व तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतली सगळी माणसे बोलायची थांबून त्यांच्याकडे बघतात. मग फॅरामिर पुन्हा खाली बसतो आणि शांतपणे हसू लागतो. मोह तिथे आहे. फक्त तो एका परिच्छेदात येतो आणि जातो, कारण हा मनुष्य मुद्रिकेच्या मोहाने आपल्या भावाचे काय झाले ते समजून चुकला आहे आणि ही वस्तू रस्त्यात पडलेली सापडली तरी उचलणार नाही, असा शब्द त्याने थोड्याच वेळापूर्वी दिला आहे. दिलेला शब्द पाळणारा मनुष्य सपाट असतो, हे गृहीतक मला समजत नाही.

शिवाय बदलाची किंमत कथेलाच मोजावी लागते. ऑस्गिलियाथमध्ये फ्रोडो मुद्रिका हातात धरून, उडत्या वाहनावर बसलेल्या नाझगूलच्या, म्हणजे शत्रूच्या सेवकाच्या, पुढ्यात जाऊन उभा राहतो. आपल्याला जी वस्तू हवी आहे ती मॉर्डोरच्या उंबरठ्यावर एका हॉबिटच्या हातात आहे, हे शत्रूला इतक्या जवळून दिसल्यावर, ती ॲरागॉर्नकडे असावी अशा समजुतीने तो पुढच्या भागात फसतो कसा? तिसऱ्या भागात शत्रूचे लक्ष वळवण्यासाठी ॲरागॉर्न मॉर्डोरच्या काळ्या दरवाजावर चालून जातो, तो सगळा डाव या समजुतीवर उभा आहे. हे रूपांतराच्या स्वतःच्या तर्कात पडलेले भगदाड आहे. पुस्तक न वाचलेल्यालाही ते दिसायला हवे.

डेनेथॉरबद्दल थोडक्यात सांगते. पुस्तकातला गोंडोरचा हा कारभारी बुद्धिमान, अभिमानी आणि दूरदृष्टीचा आहे. पालांटीर या दर्शनमण्यात तो शत्रूचे सामर्थ्य पाहत आला आहे आणि त्या खऱ्या पण निवडक दृश्यांनीच त्याला निराशेच्या खाईत ढकलले आहे. मदतीसाठी डोंगरांवरचे इशारतीचे वणवे त्याने स्वतः पेटवलेले आहेत. जादूगार गँडाल्फ आणि पिपिन हा हॉबिट घोड्यावरून येताना त्यांना ते दिसतात. चित्रपटात तो मदत मागायलाच नकार देतो, वणवा पिपिनला चोरून पेटवावा लागतो, आणि मुलगा फॅरामिर मरणाच्या दारात जात असताना हा गृहस्थ टोमॅटो चावत बसतो, रस हनुवटीवरून ओघळत असतो. पुस्तकातला डेनेथॉर चितेवर पालांटीर हातात धरून आडवा होतो. पडद्यावरचा पेटलेल्या अंगाने धावत जाऊन कड्यावरून खाली पडतो. दोन माणसांतला जास्त ‘माणूस’ कोणता, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आता तो आत्म्याचा मुद्दा. माझ्या निराशेचे मूळ इथे आहे आणि म्हणून इथे जरा रेंगाळते.

या कथेची कळ तलवारीत नाही, दयेत आहे. फ्रोडोच्या आधी मुद्रिका ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने गॉलमला ठार मारायची संधी सोडली आणि ती दया अनेकांचे भवितव्य ठरवील, असे गँडाल्फ म्हणतो. हे वाक्य चित्रपटकर्त्यांनी गाळलेले नाही. पहिल्या भागात मोरियाच्या अंधारात ते अतिशय सुंदर रीतीने येते. म्हणजे त्यांना गाभा ठाऊक होता. पुढे काय झाले ते पाहा.

मॉर्डोरच्या सीमेवरच्या किरिथ उंगोल या खिंडीच्या जिन्यावर, पुस्तकात, फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आहे, सॅमचा एक हात त्याच्या कपाळावर आहे आणि बसल्याबसल्या सॅमलाही डुलकी लागली आहे. गॉलम कुठूनतरी परत येतो. शेलॉब या राक्षसी कोळिणीशी त्याचे संगनमत झालेले आहे. तो त्या दोघांकडे पाहत राहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, ते करडे आणि थकलेले दिसू लागतात. तो एकदा वळून खिंडीकडे बघतो, जणू मनात काही वाद चालू आहे. मग परत येतो आणि थरथरता हात अगदी हळूच पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो, जवळजवळ कुरवाळल्यासारखा. त्या क्षणी कोणी पाहिले असते तर त्याला एक म्हातारा, दमलेला, आपल्या काळापलीकडे जगून उरलेला हॉबिटच दिसला असता. फ्रोडो झोपेत कण्हतो, सॅम जागा होतो, आणि ‘काय चाललंय तुझं? कुठं चोरासारखा गेला होतास?’ असे त्याच्यावर खेकसतो. संपले. डोळ्यांत हिरवी चमक परत येते. गॉलमच्या उद्धाराची जी एकमेव संधी होती, ती एका चांगल्या, निष्ठावान माणसाच्या तुसड्या शब्दाने गेली.

चित्रपटात याच जिन्यावर गॉलम लेंबास या प्रवासातल्या पावाची पुडी दरीत फेकतो, झोपलेल्या सॅमच्या अंगरख्यावर चुरा भुरभुरतो आणि सॅमनेच सगळे खाल्ले अशी कागाळी करतो. फ्रोडो ती खरी मानतो आणि सॅमला घरी जायला सांगतो. सॅम रडत जिना उतरू लागतो. (मॉर्डोरच्या सीमेवरून, अन्नाशिवाय, एकट्याने, घरी!) वाटेत त्याला खाली पडलेला पाव दिसतो आणि संतापून तो परत फिरतो. आपण पाव खाल्ला नाही हे त्याला आधीपासून माहीत होतेच, मग पाव पाहून त्याला नवे काय कळले, हे मला आजतागायत उमगलेले नाही. पण तर्क सोडून देऊ. जिथे मूळ कथेत दयेचा एक क्षण जन्मता जन्मता मरतो, नेमक्या त्याच पायऱ्यांवर दूरदर्शन मालिकेतल्या घरफोड्या नणंदेला शोभेल असे कारस्थान आणून ठेवले आहे. आणि याच पायऱ्यांवर सॅम व फ्रोडो, आपणही एका जुन्या गोष्टीतलीच पात्रे आहोत, असे जे बोलतात, ते उचलून आधीच्या भागात ऑस्गिलियाथमध्ये भाषण म्हणून वापरून टाकले आहे.

दुसरा प्रसंग अग्निपर्वतावरचा. पुस्तकात फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो, मुद्रिका स्वतःची म्हणून बोटात घालतो, गॉलम ती त्याच्या बोटासकट तोडून घेतो आणि आनंदाने नाचतानाच तोल जाऊन आगीत पडतो. कोणीही त्याला ढकलत नाही. जे काम कोणाच्याही इच्छाशक्तीने होण्यासारखे नव्हते, ते गॉलमला जिवंत ठेवल्यामुळे झाले. चित्रपटात फ्रोडो उठून त्याच्याशी झटापट करतो आणि दोघेही कड्यावरून खाली जातात. फ्रोडो कपारीला लोंबकळतो. गॉलम तिथवर पोचला तो दयेमुळेच, असा बचाव करता येईल आणि तो निम्मा खराही आहे. परंतु निर्णायक क्षण झोंबाझोंबीचा झाला, हे नाकारता येत नाही.

तिसरा प्रसंग शायरचा, म्हणजे हॉबिटांच्या मुलखातला. घरी परतलेल्या हॉबिटांना गाव उद्ध्वस्त झालेले दिसते, झाडे तोडलेली, त्यामागे सारुमान हा शत्रूच्या वाटेने गेलेला जादूगार. टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हा भाग कथेचा अत्यावश्यक अंश असून सुरुवातीपासून डोक्यात होता, असे स्पष्ट केले आहे. लांबीमुळे तो गाळला, हे मी समजू शकते. खरे सांगायचे तर चार शेवट झाल्यावर पाचवा प्रेक्षकांनी सहन केला नसता. पण तिथे सारुमान फ्रोडोवर सुरी चालवतो, सुरी आतल्या चिलखतावर मोडते, सॅम तलवार उपसतो आणि फ्रोडो त्याला थांबवतो : याला मारू नका. आपल्या सुडातली गोडी तू हिरावून घेतलीस, असे सारुमान त्याला चडफडत म्हणतो. दयेचा हा तिसरा प्रसंग. एक गाळला, एक उलटवला, एकाची झटापट केली. यानंतरही आत्मा शाबूत आहे असे म्हणायचे असेल, तर तो कोणत्या प्रसंगात आहे ते दाखवावे लागेल.

ऑस्करचा मुद्दा लवकर आटोपतो. २००४ च्या सोहळ्यात ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला अकरा नामांकने होती आणि अकराही पुरस्कार मिळाले, त्यांत रूपांतरित पटकथेचा पुरस्कारही होता. पुरस्कार देणारे त्या वर्षीच्या चित्रपटांची तुलना एकमेकांशी करतात. मूळ पुस्तक मांडीवर घेऊन कोणी बसत नाही. उत्तम चित्रपट आणि उत्तम रूपांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप पदरात पडत नाही.

उरला शेवटचा मुद्दा, पुस्तक कुठे पळून गेलेले नाही हा. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने तिन्ही चित्रपट पाहून झाल्यावर माझ्याकडून पुस्तक नेले. महिन्याभराने एका रात्री त्याचा फोन आला. जिन्याचे प्रकरण संपवून तो शेलॉबच्या बोगद्यात शिरला होता आणि गोंधळून मागची पाने चाळत होता. “मावशी, तुझ्या प्रतीतली काही पानं गळलीत का?” त्याने विचारले. “सॅमला हाकलून देतात तो भागच नाहीये यात.” मी त्याला गॉलम परत येतो ते पान काढायला सांगितले. ते त्याने वाचलेले होते, पण पावाचा चुरा कुठे पडतो ते शोधण्याच्या नादात.