संहितेत नसलेला कोल्हा

काल बी.एड.च्या प्रकल्पाचे गुण लागले. माझ्या नावापुढे शेरा : ‘संहितेत भूमिका आढळली नाही.’ केसांतून अजून ज्वारीचं पीठ निघतंय, आणि म्हणे भूमिका आढळली नाही!

प्रकल्प असा, की चित्रपुस्तक निवडा आणि मोबाइलवर त्याची फिल्म करा. आमच्या गटाने पॅट हचिन्स यांचं १९६८चं ‘रोझीज वॉक’ घेतलं. अख्ख्या पुस्तकात इंग्रजी शब्द ३२. कोंबडी फिरायला निघते, जेवणाच्या वेळेला परत येते. मागे कोल्हा, पण तो फक्त चित्रांत; मजकुरात त्याचं नावही नाही. सगळी गंमत तीच. तो कोल्हा मी.

अंगावर पीठ पडतं तो प्रसंग गिरणीतच घेतला. दळणाचा डबा घेऊन एक काका बसले होते.

“कोल्हा बोलतो काय?”

“काहीच नाही.”

“मग निवेदनात येत असेल.”

“नाही.”

“कोंबडीला तरी माहीत आहे का?”

“ते पुस्तक सांगत नाही, काका.”

काका गिरणीवाल्याकडे वळले. “सांगणाऱ्याला पत्ता नाही, कोंबडीचं नक्की नाही. मग या बाईंवर पीठ ओतायचं ठरवलं कुणी?”

गिरणीवाल्याला पिठाचे पैसे कोण देणार, एवढीच काळजी.

शॉट सुरू झाला. मी दबा धरला, आणि काका डबा सोडून उभे राहिले : “अहो कोंबडीबाई, मागं बघा की!” दुसऱ्यांदा ओतायला पीठ नव्हतं. राहिला आवाज तसाच.

पुस्तकात कोल्हा एका पानावर झेप घेतो आणि पान उलटलं की तोंडघशी पडतो. शॉट कुठे तोडायचा यावर आम्ही रात्री भांडलो, तेव्हा त्या उलटणाऱ्या पानाची किंमत कळली. पण फाइलमध्ये याला रकाना नाही. रकाना आहे तात्पर्याला. त्यात आमच्या गटप्रमुखाने लिहिलंय, ‘नियमित चालावे.’

वर्षभर आम्हाला शिकवलं, चित्र वाचायला शिका. बहिःस्थ परीक्षकांनी मात्र आमची फिल्म मान खाली घालून, फायलींवर सह्या करत ऐकली. ऐकलीच. ‘निवेदन उत्तम, आवाज खणखणीत,’ असा शेराही दिला. ते गुण कोंबडीला गेले.

फेरतपासणीचा अर्ज आणलाय. त्यात ‘पात्राचे संवाद’ हा रकाना भरणं सक्तीचं आहे.