‘आम्हीही पडलोच की’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नव्वदच्या दशकात तुम्ही ठाण्याच्या नौपाड्यात दहीहंडीच्या थरांवरून थेट डांबरावर पडलात, हळद लावलीत आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात. आताच्या पोरांना गादी हवी, दोरी हवी, वर विमाही हवा. पडणं सगळ्यांना सारखंच, आणि पडल्याशिवाय माणूस शिकत नाही. मी उगाच लाड करायला सांगतोय, आणि असल्या काळजीनेच खेळ मेला.

पडणं सारखंच, हे अगदी खरं. वीस फुटांवरून, म्हणजे साधारण सहा मीटरवरून सुटलेला माणूस खाली पोचतो तेव्हा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. किडकिडीत पोर असो की धिप्पाड गडी, वजनाने त्यात काही होत नाही. फरक पडतो तो थांबताना. डांबरावर हा सगळा वेग चार-पाच सेंटिमीटरांत संपतो. खालच्यांच्या हातांवर, खांद्यांवर दबत दबत आला तर मीटरभर जागा मिळते. जागा वीसपट झाली की सरासरी मार वीसपट कमी. यात लाड कुठे आले?

तुम्ही जुने गोविंदा, तुम्हाला हे मी सांगायला नको. थर लागताना बाहेरच्या कड्यातली माणसं हात वर करून, मान मागे टाकून उभी असतात. फोटोत ती कुणाला दिसत नाहीत. थर ढासळला की ती मागे सरत नाहीत, आत घुसतात. तुम्ही उठलात ती तुमची हिंमत खरीच. पण तुमच्या खाली कोण होतं, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही. आणि जे उठले नाहीत ते इथे लिहायला येत नाहीत.

दहीहंडी सोडा. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर दोन दुचाकीवाले एकाच खड्ड्यात आपटले, दोघांचंही मनगट मोडलं, असं धरा. एक बँकेत नोकरीला. तो आजारी रजा टाकतो, मेडिक्लेमचा फॉर्म भरतो, घरी बसून मॅच बघतो. दुसरा घरोघरी पार्सल पोचवणारा. त्याची कमाई त्याच मिनिटाला बंद, गाडीचा हप्ता मात्र पाच तारखेला ठरलेला. तो सहा आठवड्यांचं प्लास्टर तिसऱ्याच आठवड्यात कापून घेतो आणि परत गाडीवर बसतो. हाड वाकडं जुळतं. त्याने यातून काय शिकायचं? खड्डा चुकवायला? ते त्याला आधीपासून येत होतं. बाजूला ट्रक होता, म्हणून नाही चुकवता आला.

राहिलं ‘काळजीने खेळ मेला’ हे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवरची वीस फुटांची मर्यादा काढली, १४ वर्षांखालच्या मुलांना मात्र वर चढवायचं नाही हे राहिलं. २०१२ मध्ये जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले होते, २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यातच दहा लावले. (दोन्ही पथकं जोगेश्वरीची, ही आपल्या ठाणेकरांची वेगळी दुखरी नस.) मेलेला खेळ एक थर वर जात नाही.

तुमच्या पथकातल्या त्या वेळच्या मंडळींपैकी आज किती जण कठडा धरून जिना चढतात, तेही एकदा लिहा. खरंच वाचायचं आहे.