खुलासा : सीसी आणि मिलिलिटर यांत फरक नाही

‘सीसी मिलिलिटरपेक्षा वेगळे असते, औषध मोजताना रूपांतर करूनच घ्या’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. औषधाच्या मात्रेत असा गोंधळ धोक्याचा ठरू शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो : सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, आणि १ सीसी = १ मिलि, अगदी तंतोतंत. कोणतेही रूपांतर करू नका.

या समजाला एक जुना धागा मात्र आहे. १९०१ साली लिटरची व्याख्या १ किलो शुद्ध पाण्याच्या आकारमानावरून ठरवली गेली. तो लिटर १००० घन सेंटिमीटरपेक्षा सुमारे ०.०२८ घन सेंटिमीटरने मोठा भरत होता. फरक नगण्य, पण खरा. १९६४ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने ती व्याख्या रद्द केली आणि लिटर म्हणजे घन डेसिमीटर (अगदी १००० घन सेंटिमीटर) असे ठरले. तेव्हाच तो फरक संपला.

त्याच संदेशात १ घनमीटर म्हणजे १०० लिटर असेही म्हटले आहे. तेही चूक. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे १०० सेंटिमीटर धरले की १० लाख घन सेंटिमीटर होतात, म्हणजे १००० लिटर.

हाताने घाईत लिहिलेले ‘सीसी’चे इंग्रजी संक्षिप्त रूप दोन शून्यांसारखे वाचले जाऊ शकते. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीवर ‘मिलि’ लिहिलेलेच बरे.