औषध कुणी लिहायचं यावर वाद. देणाऱ्या हाताचं काय?

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नर्सची रात्रपाळी संपवून घरी आले की चहा उकळेपर्यंत मी मोबाइलवर मराठी बातम्या वाचते. २०२५ च्या पावसाळ्यात रोज एकच विषय असायचा. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तर त्यांनी ॲलोपॅथीची औषधं लिहून द्यावीत का? त्यासाठीचा कायदा २०१४ मध्येच बदलला होता. आता ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यक परिषदेकडे त्यांचीही नोंदणी करायची म्हटल्यावर वातावरण तापलं. सप्टेंबरमध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. एका वर्षात औषधशास्त्र येतं का, असा एका बाजूचा सवाल. खेड्यात एमबीबीएस डॉक्टर येत नाहीत तर लोकांनी जायचं कुठे, असा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही सवाल खरे आहेत, आणि त्यांचा निकाल लावायला मी बसलेली नाही.

मला वाचताना टोचलं ते वेगळंच. लिहिलेली गोळी पेशंटच्या हातावर ठेवते नर्स. इंजेक्शन भरते नर्स, सलाईनचे थेंब लावते नर्स. तिला औषधशास्त्र किती येतं आणि ते तिला कसं शिकवलं जातं, हा प्रश्न इतक्या दिवसांत मला कुठल्याच बातमीत दिसला नाही.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला सोलापूर जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, हे आमच्यासाठी ड्रग फाइल. प्रत्येक औषधाला एक पान: नाव, गट, डोस, कशासाठी द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, साइड इफेक्ट, नर्सची जबाबदारी. सीनियर मुलींची फाइल घ्यायची, रंगीत पेनांनी उतरवायची, मॅडमची सही घ्यायची. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे माझी फाइल पुढच्या दोन बॅचनी उतरवली. त्या फाइलमध्ये ‘का’ हा शब्द कुठेही नव्हता.

इथे आल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली गोष्ट. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून डिगॉक्सिन चालू, पायाची सूज उतरावी म्हणून फ्रुसेमाइड. सकाळच्या राउंडला मी स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. अठ्ठेचाळीस. साठच्या खाली डिगॉक्सिन थांबवून डॉक्टरांना कळवायचं, एवढं पाठ होतं. म्हणून थांबवलं, चार्टवर कारण लिहिलं. माझ्याबरोबर तिसऱ्या वर्षाची एक इंग्लिश विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, “त्यांनी काल जेवण परत पाठवलं, मळमळतंय म्हणाले. आणि सगळं पिवळट दिसतंय असंही म्हणाले. पोटॅशियम किती आहे?” रिपोर्ट काढला. २.९. असायला हवं निदान ३.५.

पोटॅशियमचा काय संबंध, ते मला सांगता आलं नाही. तिला आलं. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीवरच्या एका पंपावर जाऊन बसतं, आणि पोटॅशियमलाही नेमकी तीच जागा हवी असते. एसटीत एका सीटवर दोघांनी रुमाल टाकावा तसं. फ्रुसेमाइड लघवीवाटे पाणी काढतं, त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. मग सीटवर हक्क सांगायला दुसरा कुणी उरत नाही. डिगॉक्सिन ऐसपैस बसतं आणि नेहमीच्याच डोसचं विष होतं. मळमळ, पिवळं दिसणं, मंदावलेले ठोके हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं. माझ्या फाइलमध्ये या दोन्ही औषधांची पानं होती. दोन पानांमधली ही दोरी मला कुणी दाखवली नव्हती आणि मीही कधी शोधली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

इथलं सगळं सोन्याचं आहे, असं मी म्हणणार नाही. माणसं कमी, खाटा भरलेल्या, आणि औषधांच्या चुका इथेही होतात. हाताच्या कामात आपल्याकडच्या मुली सरस आहेत. मी शिकत असतानाच शेकडो सुया लावल्या होत्या, इथल्या नव्या नर्सला शीर शोधायचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि साठ पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील तर प्रत्येकाचे ठोके मिनिटभर मोजायला वेळ कुठून आणायचा, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ती लढाई भरतीची आहे आणि ती लढावीच लागेल.

पण काही गोष्टींना माणसं लागत नाहीत. औषधाच्या हिशोबाची परीक्षा घ्या. इथल्या नर्सिंगच्या पदवीत या हिशोबांची परीक्षा शंभर टक्के गुणांनी पास व्हावी लागते. २०१८ पासूनच्या नियमांतच ते लिहिलेलं आहे. नव्व्याण्णव चालत नाहीत. आपल्याकडे फार्माकॉलॉजीचा पेपर पन्नास टक्क्यांत सुटतो, आणि डोसचं गणित त्याच पन्नासात कुठेतरी विरून जातं. बाकी विषयात पन्नास ठेवा, माझी हरकत नाही. सिरिंजमध्ये किती भरायचं याचं उत्तर अर्धं बरोबर असून कसं चालेल?

गेल्या वेळी गावी गेले तेव्हा आत्याची शुगर तीनशेच्या खाली येत नव्हती. डॉक्टरांनी वीस युनिट इन्सुलिन सांगितलेलं, घेत होती ती अगदी वेळेवर. मी तिला माझ्यासमोर भरायला लावलं. बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट, आपल्याकडे सर्रास मिळते ती. सिरिंज मात्र नारिंगी टोपणाची, शंभरची, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर युनिट धरून रेघा आखलेली. त्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत भरलं की शून्य पूर्णांक दोन मिलिलिटर येतं, आणि चाळीसच्या बाटलीतल्या तेवढ्या औषधात युनिट असतात आठ. आत्या कित्येक महिने वीस समजून आठ युनिट घेत होती. कुणीतरी तिला ‘वीसच्या रेघेपर्यंत भर’ एवढंच दाखवलं होतं. लाल टोपणाची, चाळीसची सिरिंज संपल्यावर दुकानातून दुसरी आली आणि रेघ तीच राहिली. उलटं झालं असतं, शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज, तर अडीचपट इन्सुलिन गेलं असतं आणि आत्या झोपेतून उठली नसती. हे दाखवून देणारी कुणी एक सिस्टर तिला भेटायला हवी होती. त्या सिस्टरला आधी कुणीतरी हे समजावून सांगायला हवं होतं, आणि मराठीत सांगायला हवं होतं.

कागदावर आपल्याकडे बरंच बदललंय, हेही सांगते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्रांमध्ये आणला. औषधशास्त्राचे पूर्वीचे पंचेचाळीस तास वाढून दोन सत्रांत मिळून ऐंशी झाले, आणि त्यात औषध लिहिण्याची मूलतत्त्वं हा भागही घातला. इथे २००६ पासून जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहिता येतात. आपलीही दिशा तीच दिसते. पण तेच ऐंशी तास फाइल उतरवण्यात जाणार असतील, तर तो अधिकार मिळून आपल्या मुलींचं आणि पेशंटचं भलं होणार नाही. आणि शिकलेला ‘का’ वॉर्डात विचारता आला पाहिजे. मी डिगॉक्सिन थांबवल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “बरं केलंस, मी येतो.” माझ्या ट्रेनिंगच्या दवाखान्यात ‘सर, हा डोस जास्त वाटतो’ म्हणणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत ‘डॉक्टर तू की मी?’ असं ऐकावं लागलं होतं. त्यानंतर आमच्या बॅचमध्ये कुणी काही विचारलं नाही. वादातल्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी औषधशास्त्रावर एवढा जोर लावलाच आहे, तर हा भाग त्यांच्याही हातात आहे.

माझी भाची सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर ती फाइल उघडून बसते. तिला मी ‘नर्सची जबाबदारी’च्या पुढे आणखी एक रकाना आखायला लावलाय, ‘का’ म्हणून, आणि तो मराठीतच लिहायचा. छातीत दुखल्यावर द्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखालीच का, हे तिने मागच्या आठवड्यात स्वतः शोधून लिहिलं: गिळलं तर आधी यकृतात जातं, तिथेच बरंचसं मोडतं, आणि जिभेखालून थेट रक्तात. मग म्हणाली, “मावशी, मॅडम म्हणतात जादा रकान्याला मार्क नाहीत.” मी म्हटलं, लिही तरी. पुढच्या शनिवारी फ्रुसेमाइड आहे.